नाव हातानं लिहायचं

पोर्ट रॅन्सम
४ ऑगस्ट १९९४

आर्वो,

अभिनंदन. मंगळवारी निकाल लागल्यावर तिथंच म्हणणार होते, पण तू हॉलच्या मागच्या दारानं निघून गेलास. जिंकलेला माणूस मागच्या दारानं जाताना मी पहिल्यांदाच पाहिला. काल दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मार्जोरीनं उचलला आणि दोन्ही वेळा तू म्हणे अंघोळीला गेला होतास. एवढा स्वच्छ तू लहानपणी कधी नव्हतास. म्हणून हे पत्र. फोन बायकोच्या हातात देता येतो, पत्र आपलं आपल्यालाच वाचावं लागतं.

एक्केचाळीस मतांनी हरले. बेकरीत सकाळपासून लोक तोंड पाडून येतायत. "हिल्मा, फार वाईट वाटलं गं." मी म्हणते, "वाईट वाटलं असेल तर एक पाव जास्त घे." घेतातही. दुपारी बाराच्या आत कपाट रिकामं झालं. दर आठवड्याला हरायला परवडेल मला.

आता तुला माहीत असलेलंच परत लिहिते, कारण आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल भांडतोय का, याची मला हल्ली खात्री वाटत नाही. काउंटी मंडळापुढे ठराव यायचाय. नॉर्थ आर्मच्या रस्त्यावरचा बर्फ हिवाळाभर काढायचाच नाही, एप्रिलमध्ये वितळेल तेव्हा वितळेल. खर्च वाचतो. त्या रस्त्यावर सतरा घरं आहेत आणि सगळ्यात शेवटचं आपल्या आईचं. तू ठरावाच्या बाजूनं मंडळाची जागा लढवलीस, मी विरोधात. आपल्या पक्षाच्या लोकांनी दोघांतून तुला निवडलं. इथवर सगळं रीतसर.

पण नोव्हेंबरची खरी निवडणूक व्हायचीय, आणि दुसऱ्या पक्षानं आपल्या भागात माणूसच दिलेला नाही. म्हणजे मतपत्रिकेवर एकटा तू. लोकांनी निवडायचं काय? तुझा फोटो?

मी अपक्ष म्हणून उभी राहतेय. सोमवारी अर्ज भरते. सगळ्यात आधी तुला सांगतेय. तुझ्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला आलेल्या माणसाकडून तुला हे कळायला नको.

हिल्मा


८ ऑगस्ट १९९४

आर्वो,

हस. पोटभर हसून घे, मग पुढचं वाच.

सकाळी चांगला निळा कोट घालून कोर्टाच्या इमारतीत गेले. निवडणुकीचं सगळं नोरा ट्रुडेलकडे असतं हे तुला ठाऊक आहेच. शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसायची तीच नोरा. माझा अर्ज तिनं चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि माझ्यापुढे परत सरकवला.

"हिल्मा, हा मला घेता येणार नाही."

"का? सही खोटी वाटते?"

"सही खरी आहे, तीच तर अडचण आहे." तिनं कायद्याचं पुस्तक उघडून माझ्याकडे फिरवलं. पक्षाच्या फेरीत ज्याचं नाव मतपत्रिकेवर छापलं गेलं आणि जो हरला, त्याचं नाव त्याच वर्षी नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर छापता येत नाही. दुसऱ्या पक्षाकडून नाही, अपक्ष म्हणूनही नाही.

"असा नियम कशासाठी?"

"रडीचा डाव होऊ नये म्हणून," नोरा म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे लोक तसं म्हणतात. पुस्तकात तसं लिहिलेलं नाही."

तुला वाटेल मी तिथंच आरडाओरडा केला. नाही केला. नियम वाईट नाही, आर्वो. पत्ते खेळताना हरलास की तू सगळे पत्ते उधळायचास आणि म्हणायचास, चला, आता परत वाटा. तुझ्यासारख्यांसाठी असा नियम लागतोच. पक्षाच्या लोकांपुढे मी स्वतःहून गेले होते, त्यांचा निकाल मानेन असं गृहीत धरूनच गेले होते. तो मोडून मागच्या खिडकीतून आत शिरायचं तर उद्या प्रत्येक हरलेला माणूस शिरेल.

हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. मग मी पुस्तक परत एकदा वाचलं. सावकाश.

"नोरा, यात 'छापता येत नाही' असं म्हटलंय."

"हो."

"लिहिता येतं?"

नोरा खुर्चीत मागे टेकली. एवढं हसताना मी तिला शाळा सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. "तू विचारल्याशिवाय मला सांगता येत नव्हतं गं," ती म्हणाली. "आता विचारलंस."

तर ऐक. मतपत्रिकेवर छापलेल्या नावांच्या खाली एक रिकामी ओळ असते. ज्याला कुणाला मत द्यायचं असेल त्याचं नाव मतदार तिथं आपल्या हातानं लिहू शकतो. उमेदवारानं आधी रीतसर कळवलेलं असलं की ती मतं मोजतात. काही राज्यांत हरलेल्याला तेही दार बंद असतं. आपल्याकडे उघडं आहे. मी तिथल्या तिथं कळवून टाकलं.

निघताना नोरा म्हणाली, "तुझा भाऊ शुक्रवारी येऊन हेच पुस्तक वाचून गेला. पहिलं कलम वाचलं आणि उठला."

म्हणजे माझं पत्र पोचलं तर. छान. पण पुढचं कलमही वाचत जा.

हिल्मा


२१ सप्टेंबर १९९४

आर्वो,

कालच्या सभेबद्दल तू मार्जोरीला काय सांगितलंस कोण जाणे. मी माझं सांगते.

अग्निशमन हॉलमध्ये एवढी माणसं गेल्या वर्षीच्या आगीलाही नव्हती. तू चांगला बोललास, हे मी कुणापुढेही कबूल करेन. खर्च, बर्फ काढणाऱ्या गाड्यांची दुरुस्ती, त्यांचे दोन चालक निवृत्त झालेत, सगळं नीट मांडलंस. मग कुणीतरी माझ्याबद्दल विचारलं आणि तू म्हणालास, "नियम सगळ्यांना सारखा. हरल्यावर परत डाव मांडायचा असेल तर ऑगस्टची फेरी घ्यायचीच कशाला?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तू माझ्याकडे बघितलंस, मी थट्टा करतेय असं तुला वाटलं. नव्हते करत.

मी उठून जे म्हटलं ते इथं लिहून ठेवते, कारण तिथं मागून कुणाचं तरी बाळ रडत होतं आणि अर्ध्यांना ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, आर्वोचं बरोबर आहे. म्हणून माझं नाव छापलेलं नाही. हरल्याची जी शिक्षा कायद्यात आहे ती मी भोगतेय. त्याचं नाव चकचकीत शाईत, माझ्या वाट्याला रिकामी ओळ. पण ऑगस्टला मत दिलं ते आमच्या पक्षाच्या लोकांनी. नॉर्थ आर्मवरची निम्मी घरं दुसऱ्या पक्षाची आहेत. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या पक्षाची मतपत्रिका घेतली, त्यावर आम्ही दोघंही नव्हतो. रस्त्याचा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नाही. रस्ता कुठल्या पक्षाचा आहे?

मग मागून म्हातारा क्लेम बेसेट, आईचा शेजारी, म्हणाला, "जानेवारीत बर्फाच्या पक्षाचा!"

तू सुद्धा हसलास. मी बघितलं.

त्यानंतर कुणीतरी म्हणालं की हिल्माची आई तिकडं एकटी असते म्हणून ही लढतेय. आणि मी तोंड उघडायच्या आत तू गरजलास, "आईला यात ओढू नका!" तुझा आवाज फाटला, आर्वो. माझी बाजू घेतल्यासारखं वाटलं आणि तसंही नव्हतं. घरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते. काही कळलं नाही.

असो. तुला एक गंमत सांगायचीय. माझी मोठी अडचण तू नाहीस, आपलं आडनाव आहे. बेकरीत मी काळा फळा लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणते, माझं नाव लिहून दाखव. हिल्मा सगळ्यांना येतं. पुढे हुवारिनेन आलं की धुमाकूळ. हिवरिनेन, हुरवानेन, हावरीनेन. (ते शेवटचं तुला जास्त शोभेल.) पोस्टमास्तरनं चार वेळा पुसलं आणि शेवटी खडू ठेवून म्हणाला, "हिल्मा, तू स्मिथ नावाच्या कुणाशी लग्न का केलं नाहीस?" मी म्हटलं, "डेलचं नाव सोपं होतं. नवरा अवघड होता, म्हणून दोन्ही परत केले."

नोरा म्हणते, थोडं चुकलं तरी चालतं, माणूस ओळखू आला पाहिजे. पण मला काळजी होती. आणि शनिवारी वेलचीच्या पावाच्या वेण्या घालता घालता मला एकदम सुचलं आणि पीठ तसंच सोडून मी हसत सुटले. मतपत्रिकेवर वर काय छापलेलं असणार? आर्वो हुवारिनेन! एकेक अक्षर, सरकारी खर्चानं, बिनचूक. मतदारानं फक्त मान वर करायची आणि बघून खाली लिहायचं.

आता सगळ्यांना तेच सांगते. "आडनाव विसरलात तर माझ्या भावाचं बघून लिहा. तो वर आहे." तुझ्याइतकी मदत मला दुसऱ्या कुणाची झालेली नाही.

हिल्मा


१० ऑक्टोबर १९९४

आर्वो,

मार्जोरी आली होती. तिच्यावर रागावू नकोस. पाव घ्यायला आली, पाव घेतला, पैसे दिले आणि मग दाराशीच उभी राहिली. मी म्हटलं, "काय गं, सुटे कमी दिले का?" तर तिच्या डोळ्यांत पाणी.

मार्चबद्दल सांगितलं तिनं.

मी दुकान बंद केलं. दुपारी एक वाजता, सोमवारी. लोकांना वाटलं मी मेले. गाडी काढली आणि थेट आईकडे गेले. आई दाराबाहेर मासे साफ करत होती.

"तू मार्चमध्ये पडलीस," मी म्हटलं.

"माणसं पडतात," आई म्हणाली.

"लाकडाच्या शेडमध्ये. थंडीत. आणि उठता येत नव्हतं."

"मार्जोरीला गप्प बसता येत नाही. बस. मासा खाशील?"

मग हळूहळू सगळं काढून घेतलं. वादळानंतर बर्फाची गाडी अजून आली नव्हती. तू फोन केलास, आईनं उचलला नाही. तू गाडी क्लेमच्या वळणावर सोडलीस आणि पुढे कमरेएवढ्या बर्फातून चालत गेलास. घरात विस्तव विझलेला. ती शेडमध्ये, अंगावर रिकामी पोती ओढून पडलेली. तू तिला उचलून आत नेलंस. आणि शुद्धीवर आल्यावर तिनं सगळ्यात आधी तुझ्याकडून शपथ घेतली की हिल्माला सांगायचं नाही.

"का?" मी विचारलं.

"तू मला बेकरीच्या माडीवर डांबलं असतंस आणि खालून तीनदा सूप पाठवलं असतंस."

खरं सांगू? डांबलंच असतं.

"आणि आर्वो?"

आईनं सुरी पुसली. "आर्वो रडला. साठीला आलेला माणूस, माझ्या चुलीपुढे बसून रडला. मग म्हणाला, तू शहरात चल. मी नाही म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा नाही म्हटलं. आणि मग त्यानं रस्ताच बंद करायचं काढलं."

"तुला माहीत होतं? रस्ता तुझ्यासाठी बंद होतोय?"

"म्हातारी झालेय, मूर्ख नाही. बर्फ काढला नाही तर हिला यावंच लागेल, असं त्याला वाटलं. सतरा घरांना कोंडायचं, एका म्हातारीला बाहेर काढायला." तिनं पुढचा मासा उचलला. मग म्हणाली, "त्यानं काउंटीला विचारलं. पक्षाला विचारलं. खर्चाचा हिशेब करणाऱ्यांना विचारलं. मी नाही म्हटल्यावर, मग काय केलं तर हो म्हणशील, हे मला विचारलं नाही."

परतताना मी क्लेमच्या वळणावर गाडी थांबवली. तिथून आईच्या घरापर्यंत नुसतं बघितलं. कोरड्या रस्त्यावरही लांब आहे ते. तू बर्फात कसा गेलास रे? तुझा गुडघा तसला.

सहा महिने मी तुला खर्च वाचवणारा कोरडा माणूस समजत होते. बेकरीत, सभेत, चर्चच्या पायऱ्यांवर तसंच बोलले. ते शब्द मागे घेते. तू घाबरला होतास. मीही घाबरले असते. आज घाबरलेय.

पण उमेदवारी मागे घेत नाही. हे नीट वाच. तुझी भीती खरी आहे आणि तुझा उपाय चुकीचा आहे, दोन्ही एकाच वेळी. आई पडली त्या दिवशी रस्ता साफ असता तर तू तासभर आधी पोचला असतास. आणि बाकी सोळा घरांमध्ये कुणाची आई नाही का?

मार्चचं मी कुठल्याही सभेत बोलणार नाही. मार्जोरीनं विचारलं, "आता तू हे वापरणार का?" मी तिला दाराबाहेर काढणार होते. मग तिच्या पिशवीत आणखी एक पाव टाकला.

आईला यात ओढू नका म्हणाला होतास. आता कळलं.

हिल्मा


७ नोव्हेंबर १९९४

आर्वो,

बर्फ सुरू झालाय. पहिलाच आहे, टिकणार नाही, पण लोकांना आठवण करून द्यायला पुरेसा. वरच्यानं माझा प्रचार फुकट केला.

उद्या मी शाळेच्या केंद्राबाहेर उभी असेन, कायद्यानं ठरवून दिलेल्या अंतरावर, हातात पाटी घेऊन. कॉफीचा मोठा थर्मास आणतेय. तूही तिथंच असणार. तुझ्यासाठी बिनसाखरेची वेगळी ओतून ठेवेन. प्यायची तर पी. कॉफी पिणं म्हणजे पाठिंबा नव्हे, असं नोराला विचारून घेतलंय.

तुझ्या पक्षाच्या अध्यक्षांनी पत्रक वाटलंय, "रडीच्या डावाला मत देऊ नका." कागद चांगला आहे, जाड. मी त्याच्या मागच्या बाजूला बेकरीचे भाव लिहिलेत.

मी जिंकणार आहे, आर्वो. तुला चिडवायला म्हणत नाही. गेल्या आठवड्यात फळ्यावर अकरा जणांनी नाव लिहिलं आणि एकाचंही चुकलं नाही.

हिल्मा


१७ नोव्हेंबर १९९४

आर्वो,

सकाळपासून तीनदा कागद घेतला आणि तीनदा पीठ मळायला गेले.

कोर्टाच्या इमारतीतल्या त्या खोलीत तू काय केलंस ते तुला माहीत आहे. पण तू पाठमोरा होतास, लोकांची तोंडं मला दिसत होती. म्हणून तुला ती सांगते.

छापलेल्या नावाची मतं आधीच मोजून झाली होती. हातानं नाव लिहिलेल्या मतपत्रिका एकेक करून तपासणी मंडळाचे चौघं बघत होते. हिल्मा हुवारिनेन, माझं. हिल्मा हिवरिनेन, माझं. कुणीतरी नुसतं "बेकरीवाली हिल्मा" लिहिलं होतं, त्यावर वीस मिनिटं वाद, शेवटी माझं, कारण काउंटीत दुसरी बेकरी नाही. सगळं धरून तू अकरा मतांनी पुढे होतास. आणि बाजूला एक गठ्ठा उरला. सव्वीस मतपत्रिका. रिकाम्या ओळीवर नुसतं आडनाव. हुवारिनेन. एकही अक्षर न चुकता.

माझ्याच शिकवणीचं फळ! बघून लिहा म्हटलं होतं, त्यांनी बघून लिहिलं, पण नाव टाकायला विसरले.

मंडळाचा तो उंच माणूस म्हणाला, "आडनाव दोघांचं एकच. ही मतं कुणाची धरायची? कुणाचीच नाही, असं म्हणावं लागेल." नोरानं माझ्याकडे बघितलं नाही. मला कळलं, गेलं. माझ्या शेजारी क्लेम बसला होता. तो टोपी घालून उठायला लागला.

आणि तू उभा राहिलास.

तुमच्या अध्यक्षांनी तुझी बाही धरली. "आर्वो, बस खाली. जिंकलायस तू." मी ते तिसऱ्या रांगेतून ऐकलं. तू हात सोडवलास आणि म्हणालास, "माझं नाव वर छापलंय. मला मत द्यायचं तर शेजारचा गोल काळा करायचा, संपलं. माझ्यासाठी कुणी पेन्सिल घेऊन एवढं लांबलचक आडनाव कशाला लिहील? मीच लिहिलं नसतं. ज्यांनी लिहिलं, ते माझ्या बहिणीसाठी."

उंच माणसानं विचारलं, "मिस्टर हुवारिनेन, म्हणजे तुम्ही हरता हे तुम्हाला कळतंय ना?"

"मोजता येतं मला," तू म्हणालास. "हार्डवेअरचं दुकान आहे."

तेव्हाची तोंडं, आर्वो! नोराचा चष्मा हातातच राहिला. क्लेमनं घातलेली टोपी परत काढली. आणि अध्यक्षांचं तोंड तर मी चौकट करून बेकरीत लावलं असतं. चौघांनी आपसात बोलून ती मतं मला दिली. पंधरा मतांनी मी आले.

लोक माझ्याभोवती जमले, तेवढ्यात तू निघालास. या वेळी पुढच्या दारानं, सगळ्यांच्या मधून. क्लेमनं तुझ्यासाठी दार धरलं.

तुझ्यामुळे जिंकले असं मी कुणाला सांगणार नाही, कारण तसं नाहीच. ती सव्वीस माणसं माझी होती. पण ती माझी आहेत हे म्हणायला त्या खोलीत तूच होतास. दुसऱ्या कुणाच्या शब्दाला तिथं वजन नव्हतं. माझ्याही नाही.

भट्टी तापलीय, जाते.

हिल्मा


१८ जानेवारी १९९५

आर्वो,

फोनवर तू "हं" आणि "बरं" याच्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्रच बरं.

ठराव काल पडला. तीन विरुद्ध दोन. तू मागच्या रांगेत बसला होतास हे मी पाहिलं. चालकांच्या प्रश्नावर तुझा मुद्दा मी जसाच्या तसा मांडला, तुझं नाव घेऊन. दोन माणसं नवी घ्यावी लागतील, त्याशिवाय रस्ता साफ ठेवू म्हणणं ही थाप आहे, हे तू सप्टेंबरमध्येच म्हणाला होतास. पुढच्या बैठकीत ते येईल. तेव्हा तू येऊन बोल. दुकानातली तुझी अर्धी गिऱ्हाइकं ट्रकवालेच आहेत, कोण चांगला ते तुला माझ्याहून जास्त कळतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

आज सकाळी बर्फाच्या गाडीमागूनच मी आईकडे गेले. मोठ्या तोऱ्यात गेले. म्हटलं, "आई, रस्ता उघडा राहणार. सगळा हिवाळा. आता तुला इथून कुणी हलवू शकत नाही."

आई स्वयंपाकघरातली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"हे काय करतेयस?"

"एप्रिलपर्यंत शहरात यावं म्हणते."

आर्वो, मी खुर्चीत बसलेच. "आई, मी त्यासाठी तीन महिने लोकांना आडनाव शिकवलं! तू इथं राहावीस म्हणून!"

"मी इथं राहावं म्हणून की मला हवं ते करता यावं म्हणून?" ती कप गुंडाळत राहिली. "रस्ता बंद केला असतात तर मी या चुलीला धरून बसले असते. मेले असते तरी हलले नसते. आता जाता येतं, येता येतं. मग जायला काय हरकत आहे? शेडमधली ती थंडी मला परत नको."

मग मी म्हटलं, माडीवरची खोली मी आजच गरम करते. त्यावर तिनं मान हलवली.

"आर्वोकडे जाणार."

"का?"

"त्याच्याकडे जिना नाही. तुझ्याकडे पहाटे तीनला भट्टी धडधडते. आणि," कप खाली ठेवून ती म्हणाली, "त्याला माझी काळजी जास्त वाटते. तुला माझी खात्री जास्त वाटते. हिवाळ्यात काळजीवाला बरा. उन्हाळ्यात तुझ्याबरोबर बसेन बंदरावर."

मला लागलं थोडं. खोटं कशाला बोलू. गाडीत बसून पाच मिनिटं स्वतःशीच भांडले. मग वाटलं, तिनं निवडलंय. तेवढ्यासाठीच तर होता सगळा खटाटोप.

तेव्हा शनिवारी तुझा ट्रक घेऊन ये. तिला तिची खुर्ची हवीय, शिवणाचं मशीन, माशांच्या दोन बरण्या आणि खिडकीतली जिरेनियमची कुंडी. कुंडी तिच्या मांडीवरच राहील, त्यात वाद घालू नकोस. मी सकाळीच पोचून सामान बांधून ठेवते. चादरी मार्जोरीला गरमच काढायला सांग, आईला पातळ आवडत नाहीत.

आणि तिनं तुझ्यासाठी निरोप दिलाय. मी लिहून घेतला, माझा शब्द एकही नाही. "आर्वोला म्हणावं ये, पण मला उचलायला येऊ नकोस. ट्रक दारापाशी लाव आणि आत बस. माझी मी चालत येईन."

हिल्मा